एकाच कारखान्याचा माल

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताईचा गुडघा बदलायचा ठरला. ठरवला भाचीने, दुसऱ्या शहरात बसून, फोनवरून. गुडघा ताईचा, लेक ताईची. मी मामा, म्हणजे पिशव्या उचलायला.

"मामा, तू मधे काही बोलू नकोस हं," असं तिने सुरुवातीलाच बजावलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं! वजनमापे निरीक्षक म्हणून आख्खी नोकरी केली मी. दुकानात पाऊल टाकलं की भलेभले दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं मेण खरवडायला धावायचे. आता घरात माझं वजन किती, ते न तोललेलंच बरं.

ताईचे यजमान गेले, माझी बायको गेली, तेव्हापासून ताई माझ्याकडे राहते. दुसरा मजला, लिफ्ट नाही. ती सत्तरीची, मी सहासष्टचा, आणि अजून मला 'छोटू' म्हणते. दूधवाल्यासमोरसुद्धा.

भाचीचं शेवटचं फर्मान असं: ऑपरेशननंतर गुडघा नीट वाकला तर ठीक, नाहीतर ती आईला कायमची तिच्याकडे घेऊन जाणार. दोन जिने ती काय रांगत चढणार? मी म्हटलं, खुशाल ने. घरात शांतता नांदेल. टीव्हीचा रिमोट माझ्या हातात येईल. एका पातेल्यात एकाच प्रकारचा चहा होईल आणि त्याला 'पाणचट' म्हणून नाक मुरडायला कुणी नसेल.

रात्री जेवण गेलं नाही. पित्त झालं असावं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हॉस्पिटलात गेलो. हाडवाल्या डॉक्टरांनी गुडघ्याकडे बघितलं, आमच्याकडे बघायला त्यांना वेळ नव्हता. मग आम्हाला भूलवाल्या डॉक्टरणीकडे पाठवलं. वय भाचीएवढं, उत्साह दुप्पट. तिने म्हणे नवीन उपक्रम सुरू केलाय: ऑपरेशननंतर दुखायची गोळी प्रत्येकाला त्याच्या त्याच्या जनुकांप्रमाणे द्यायची. म्हणजे शिंप्याकडे जाऊन कपडे शिवून घेतात, तशी आता गोळी शिवून मिळणार. धन्य!

तिने ताईला विचारलं, "मावशी, याआधी दुखण्याच्या गोळ्या घेतल्यात कधी? लागू पडल्या का?"

ताईच्या वतीने मीच सांगितलं. ती फार लांबण लावते. म्हटलं, "हिला कशानेच बरं वाटत नाही. लहानपणी गच्चीच्या जिन्यावरून पडली, हात मोडला. प्लास्टर झालं, गोळ्या झाल्या, तरी आठवडाभर हिचं भोकाड चालूच. शेवटी आई म्हणाली, एवढं औषध पोटात गेलंय, आता रडतेस ते सवयीने. तेव्हापासून घरात हिचं नाव रडूबाई. पुढच्या वर्षी माझं अपेंडिक्स काढलं. तोच डॉक्टर, तीच गोळी. मी दुसऱ्या दिवशी कॉटवर बसून पत्ते खेळलो."

"छोटू, तिने मला विचारलंय," ताई म्हणाली.

"मग सांग ना."

"तू सांगितलंस की सगळं," असं म्हणून ती भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत बसली.

भूलवाली मात्र पुढे सरसावली. म्हणाली, "ही गोळी अफूच्या घराण्यातली. पण पोटात जाते तेव्हा ती कच्ची असते. लिव्हरमध्ये शिजली की मग तिचं खरं औषध होतं. काही माणसांची ही चूल जोरात असते, बहुतेकांची साधारण आणि काहींची जन्मापासून बंद. बंद चुलीवर कितीही माल ठेवला तरी शिजणार काय? गालाच्या आतून काडी फिरवायची, लॅबला पाठवायची. चूल कशी आहे ते कळतं."

मी म्हटलं, "आणि ही चूल माणसाला मिळते कुठून?"

"आईवडिलांकडून."

"मग प्रश्नच मिटला. आमचे आईवडील एकच."

ती हसली. काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती उठून गेली. मुद्द्याचं उत्तर नसलं की माणसांचे फोन वाजतात. नोकरीत पाहिलंय मी हे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

काडीचं पाकीट घरी आलं. दोन काड्या, एक नळी, आणि सूचना इतक्या की वाचून होईपर्यंत गालच म्हातारा व्हावा. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही. काडी अमुक वेळ फिरवायची. नळीचं झाकण घट्ट लावायचं. दुसरी काडी राखीव.

ताईने सगळं अगदी शाळेत परीक्षेला बसल्यासारखं केलं. काडी नळीत उभी करून नळी ओट्यावर ठेवली, म्हणाली, "झाकण तू लाव रे, माझ्या बोटांत जोर नाही," आणि आंघोळीला गेली.

आता खरं ते लिहितो, ही दैनंदिनी कुणी वाचणार नाही. मी चहा गाळत होतो. कोपर लागलं. नळी आडवी झाली आणि काडी थेट खरकट्या भांड्यांच्या पाण्यात. त्याच क्षणी कुरियरवाला दारात! तो घंटा अशी वाजवत होता की जणू आग लागलीय. ताई नळाखाली, 'छोटू, कोण आहे रे' म्हणून आतून ओरडतेय. तिला सांगितलं असतं तर 'धांदरट' या शब्दापासून सुरुवात होऊन माझ्या लग्नात मी फोडलेल्या बरणीपर्यंत सगळा इतिहास निघाला असता.

मी राखीव काडी काढली आणि स्वतःच्या गालात फिरवली.

फिरवली तर फिरवली. सख्खी भावंडं आम्ही. आई एक, बाप एक, रक्त एक. एकाच कारखान्याचा माल. एका पोत्यातला तांदूळ तपासायचा तर मूठभर कुठूनही काढा, फरक काय पडतो? आणि मुळात हे सगळं थोतांडच आहे. थोतांडाला ताईची थुंकी काय नि माझी काय.

झाकण लावलं, सही केली, पाकीट दिलं. ताईने बाहेर आल्यावर विचारलं, "नीट गेलं ना?" म्हटलं, "अगदी शिक्का मारून."

सोमवार, १७ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. भूलवालीने हातात देऊन समजावला. चूल साधारण. नेहमीची गोळी, नेहमीचं प्रमाण, व्यवस्थित लागू पडणार. एवढं सांगायला एवढा खटाटोप! मी तर म्हटलं, हे मी तुम्हाला फुकटात सांगितलं असतं.

ताईने मात्र तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. मग डॉक्टरणीला विचारलं, "म्हणजे ही गोळी मला लागू पडते? नक्की?"

"नक्की, मावशी. काळजीच नको."

"म्हणजे तेव्हाही लागू पडत असणार," ताई म्हणाली. कधीचं म्हणत होती कोण जाणे. घरी आल्यावर हॉस्पिटलात न्यायच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. मी म्हटलं, "अगं, रिपोर्ट चांगला आलाय, आनंद मान की."

"मानतेय," म्हणाली.

बायकांना चांगली बातमीही चालत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. 'उत्तम झालं' असं हाडवाले चालता चालता म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, पण कॉरिडॉरमध्ये मीच होतो, तेव्हा मी ते माझ्या खात्यावर जमा केलं.

बाहेरच्या खुर्च्यांना पाठ आहे, पण ती माणसाच्या पाठीच्या मापाची नाही. शेजारच्या बाई सगळा वेळ पुटपुटत जप करत होत्या. मी असल्या भानगडीत पडत नाही. मी फक्त लादीच्या फटी बघत होतो, आणि फटीवर पाय पडू द्यायचा नाही असं ठरवून येरझाऱ्या घातल्या. व्यायाम म्हणून.

ताई संध्याकाळी हसतच होती. पाय अजून बधिर. म्हणाली, "छोटू, हे तर काहीच नाही रे." मी भाचीला कळवलं, आई ठणठणीत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बधिरपणा काल उतरला आणि आमच्या घराण्याचं जुनं नाटक नव्या संचात सुरू झालं.

इथे दुखणं तोलायची पद्धत ऐका. नर्स येते आणि विचारते, "शून्य ते दहात किती दुखतंय?" मी ताडकन विचारलं, "याचं प्रमाण कुठे ठेवलंय? तुमचा दहा आणि यांचा दहा एक कशावरून?" तिने मला बाहेर थांबायला सांगितलं. शिक्का नसलेल्या मापाने धंदा करणारे सगळे असेच चिडतात.

ताई म्हणाली, "चार."

चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, टॉवेलचं टोक दातांत धरलेलं, आणि म्हणे चार. चार दुखणारा माणूस टॉवेल चावतो का? आणि जास्त दुखत असेल तर सांगायचं सोडून असं तोंड करून पडायचं! लहानपणी निदान मोकळं रडायची. आता रडत नाही, नुसती छताकडे बघते. बघणाऱ्याला वैताग जास्त.

मी म्हटलं, "अगं, जास्त असेल तर सांग."

"सांगून काय होणार? गोळी तर दिलीय ना. रिपोर्टमध्येही आहे, लागू पडते म्हणून."

बरोबरच आहे.

व्यायाम करून घेणारी मुलगी आली. तिला मी हवालदारीण म्हणतो. ही मात्र मला आवडली. हिच्याकडे कोनमापक आहे, खराखुरा, अंश कोरलेला. गुडघा काटकोनात वाकला की माणूस जिना चढू शकतो, असा तिचा हिशेब. आणि पहिल्या काही दिवसांत वाकवला नाही तर आत आखडून बसतो, मग जन्माचं लोढणं. तिने ताईचा पाय धरून वाकवायला घेतला. ताईने तिचं मनगट इतकं घट्ट पकडलं की त्या मुलीलाच सोडवून घ्यावं लागलं.

काटकोनाच्या अर्ध्यावर काटा अडला. हवालदारीण म्हणाली, "आजी, गोळीने दुखणं ताब्यात असायला हवं आत्तापर्यंत. तुम्ही घाबरताय."

ताई म्हणाली, "हो गं, मी पहिल्यापासून अशीच आहे."

शनिवार, २२ फेब्रुवारी

भाची व्हिडिओवर आली. आईचा चेहरा बघून रडायला लागली, मग माझ्यावर ओरडली. डॉक्टरांशी बोल म्हणाली. तर बोललो. भूलवालीने रिपोर्ट काढला, डोस थोडा वाढवला आणि म्हणाली, "काका, यापेक्षा जास्त देण्यात धोका आहे. आणि यांच्या चुलीवर एवढ्यात काम व्हायलाच हवं. कधी कधी मनातली भीतीच दुखते." उद्या मानसोपचारवाल्यांना बोलावू का, असंही विचारलं.

मी मनात म्हटलं, बघा! यांच्या जनुकांचा आणि चुलींचा बार फुसका निघाला. आधीचं बरं होतं, एक गोळी लागू नाही पडली तर डॉक्टर दुसरी देऊन बघायचे. आता कागद म्हणतो लागू पडते, तेव्हा पेशंट खोटा! कागदाने माणूस तोलायचा म्हणजे असंच होणार. हे मी भाचीला ऐकवलंही. 'मामा, आत्ता शहाणपणा नको' एवढंच बोलून तिने फोन ठेवला. गुडघा वाकला नाही तर पुढच्या महिन्यात येऊन आईला घेऊन जाते, हेही आधी सांगून झालं होतं.

दुपारी ताईने गोळी वाटीतच ठेवली. "याने नुसतं मळमळतं रे. राहू दे."

ती वाटी समोर तशीच. माझ्यातला निरीक्षक काही गप्प बसेना. गोळीच खोटी असेल तर? माल भेसळीचा असेल तर? संशय आला की नमुना घ्यायचा, हा आमच्या खात्याचा नियम. त्या खुर्चीने माझ्या कंबरेचे आधीच तीन तेरा वाजवले होते. मी गोळी उचलली आणि गिळली.

काय सांगू! ताईच्या शेजारी बसल्या बसल्या कंबर अशी सैल झाली की मी वाकून तिच्या सपाता सरळ केल्या, मग पाण्याची बाटली भरली, मग मला उगीचच सगळ्या जगाबद्दल माया वाटायला लागली. नर्सलाही हसून नमस्कार केला. ती दचकली.

अस्सल माल. पुराव्यानिशी शाबीत.

भूलवाली फेरीला आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगून टाकलं, "गोळीत काही खोट नाही, मी स्वतः घेऊन खात्री केलीय." ती माझ्यावर भडकली, दुसऱ्याचं औषध घेता म्हणजे काय वगैरे. पण ताईच्या कागदावर काहीतरी लिहून गेली. ताईने हे सगळं ऐकलं होतं.

"तुला लागू पडली?" तिने विचारलं.

"एकदम झकास."

तिने मान भिंतीकडे वळवली. "मग माझंच काहीतरी आहे," म्हणाली.

सोमवार, २४ फेब्रुवारी



काल काही लिहिलं नाही. काल ताईने व्यायामालाच नकार दिला. हवालदारीण खूप गोड बोलली, कोनमापक परत पिशवीत टाकून गेली. मानसोपचारवाले येऊन ताईला 'तुम्हाला एकटं वाटतं का' असं विचारून गेले. ती म्हणाली, "भाऊ आहे ना माझा."

आज सकाळी मी चहा घेऊन गेलो. हॉस्पिटलच्या कँटीनचा, दोन्ही कपांत एकसारखा. ताईने एक घोट घेतला आणि कप ठेवला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. तुला बिनसाखरेचा आवडतो ना."

"मग तू साखरेचा सांगायचा की."

"सांगते की रे. रोजच सांगते."

सांगते खरी. घरीही रोज सांगते. मी म्हणतो एकाच पातेल्यात दोन तऱ्हा कशाला, आणि माझ्या मापाने करतो.

मी तो कप घेऊन परत निघालो, साखर घालून आणायला, आणि जिन्याच्या वळणावर थांबलो. माझ्या डोक्यात एवढ्या उशिरा प्रकाश पडला म्हणून मला कोणीतरी काट्यावर उभं करून जोड्याने मारलं पाहिजे. गोळी बरोबर होती. रिपोर्टही बरोबर होता. साधारण चूल, नेहमीचा डोस, व्यवस्थित लागू पडणार. पडलीच की! मला. अपेंडिक्सच्या वेळी पडली, परवाही पडली. त्या लॅबचं माप चोख होतं. पारड्यात बसलो होतो मी आणि बिल फाडलं होतं ताईच्या नावावर.

दुकानदार असतो तर मी माझा परवाना रद्द केला असता.

कप तिथेच कठड्यावर ठेवला आणि भूलवालीच्या खोलीत गेलो. आत दोन शिकाऊ डॉक्टर होते. मला म्हणायचं होतं की एक तांत्रिक त्रुटी झाली आहे. तोंडातून निघालं, "डॉक्टर, थुंकी माझी आहे."

तिला आधी कळेना. मग कळलं. खरकटं पाणी, कोपर, कुरियरवाला, सगळं सांगितलं. एकाच कारखान्याचा माल हेही सांगितलं, त्याच्याने आणखीच लाज गेली.

"काका," ती म्हणाली, "आई प्रत्येक गोष्टीची एक प्रत देते, वडील एक देतात. पण त्यांच्याकडच्या दोनांपैकी कोणती, ते प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने ठरतं. तुम्हाला चालू चूल मिळाली असेल, त्यांना दोन्हीकडून बंद मिळाली असेल. त्या दिवशी हेच सांगत होते मी."

म्हणजे फोन खरोखरच वाजला होता.

ती उठली आणि जवळजवळ पळतच ताईच्या खोलीत गेली, मी मागे. तिने दार लावलं, ताईच्या कॉटवर बसली. "मावशी, आता मला खरं सांगा. किती?"

ताईने आधी माझ्याकडे बघितलं. माझी परवानगी लागते का हिला दुखायला? लागत असावी. मी म्हटलं, "ताई, सांग. मी खोटं माप दिलंय. काडी मी माझ्या गालात फिरवली होती."

ती म्हणाली, "लहानपणापासून माझ्या वाटणीचं सगळं हाच खातो. आता माझी थुंकीपण यानेच टाकली!" आणि डॉक्टरणीकडे वळून म्हणाली, "दहा गं. पहिल्या दिवसापासून दहा."

भूलवालीने रिपोर्टची वाट बघितलीच नाही. गालातली काडी नव्याने घेतली, स्वतः, आणि मला खोलीच्या बाहेर काढून. पण औषध लगेच बदललं. शिजवावं लागत नाही असलं, तयार. नर्सला ताईच्या श्वासावर लक्ष ठेवायला बसवलं. जाताना ताईला म्हणाली, "मावशी, चुकलं माझं. तुमचा चेहरा समोर होता आणि मी कागद वाचत होते."

तासाभराने आत डोकावलो. टॉवेल घडी करून उशाशी ठेवलेला. ताई झोपली होती, तोंड उघडं, घोरत. हे घोरणं घरी ऐकलं की मी भिंतीवर टकटक करतो. आज दाराशी स्टूल घेऊन बसलो आणि ऐकत राहिलो. मग पुसायला रुमाल सापडेना, बाहीच वापरली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

ताईचा खरा रिपोर्ट आला. दोन्ही प्रती बंद. एक आईची, एक वडिलांची. चूल कधी पेटलीच नव्हती.

ताईने मला मोठ्याने वाचायला लावलं. वाचलं. "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. भूलवालीला तिने विचारलं, "हे जन्मापासूनच ना? म्हणजे मी नऊ-दहा वर्षांची होते तेव्हाही?"

"तेव्हाही, मावशी. तेव्हा दिलेली गोळी याच घराण्यातली असणार. तुमच्या बाबतीत ती देणं न देणं सारखंच."

"म्हणजे हात खरंच दुखत होता."

"दुखतच असणार. मोडलेला हात, औषधाशिवाय."

ताईने कागद घेतला, छातीवर ठेवला. "मला आपलं वाटायचं, मीच नाटकी आहे," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई असती तर तिला दाखवला असता."

आईच्या पाठोपाठ 'रडूबाई रडूबाई' करत घरभर नाचणारा दुसरा कोण होता? मी खिडकीची कडी लागतेय का ते बघितलं. लागत होती.

तेव्हापासून तो कागद ती प्रत्येकाला दाखवतेय. झाडूवालीला दाखवला. जेवण आणणाऱ्याला दाखवला. शेजारच्या कॉटवरच्या बाईंना समजावून सांगितला, चुलीसकट. भाचीला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला, तोही उलटा. भाची आधी रडली आणि मग मला जे बोलली ते इथे लिहीत नाही, दैनंदिनीचंही काही वय आहे. माझा आपला रिपोर्टही मला परत मिळाला, नाव दुरुस्त करून. साधारण. आयुष्यात दुसरं काय मिळवलं म्हणा.

हवालदारीण आली. कोनमापक लावला. काटा अर्ध्याच्या पुढे सरकला, मग आणखी थोडा. दुखतं अजून. औषध म्हणजे जादू नव्हे. पण ताई वाकवू देते. फुकट गेलेले दिवस भरून निघतील का, असं मी कॉरिडॉरमध्ये विचारलं. "सांगता येत नाही," हवालदारीण म्हणाली. "घरी जिना आहे ना? जिनाच सांगेल."

रविवार, २ मार्च

आज घरी आलो. भाचीही आली होती. पिशवी तिने उचलली, मला कशालाच हात लावू देत नाही. जिना चढता आला नाही तर तशीच गाडी पुढे तिच्या शहराला न्यायची, असं तिने ड्रायव्हरला बोलून ठेवलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीच्या मागच्या भागात ताईची दुसरी मोठी बॅग दिसली तेव्हा कळलं.

ताईने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने माझा खांदा. चांगला पाय वर, मग नवा पाय. पहिल्याच पायरीला ती ओरडली.

अशी ओरडली की तळमजल्यावरच्यांनी दार उघडलं. मी सवयीने म्हटलं, "ताई, हळू, लोक बघतायत."

"बघू देत! मला दुखतंय!"

दुसऱ्या पायरीला पुन्हा. तिसरीला त्याहून मोठ्याने. भाची घाबरली, "आई, परत जाऊया का?" म्हणाली. ताईने नुसती मान हलवली आणि पुढची पायरी घेतली, कोकलत. पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाई धावत बाहेर आल्या, "अहो, काय झालं?" त्यांना ताईने थांबून, धापा टाकत, कागदाचं सांगितलं. जन्मापासून बंद आहे, दोन्हीकडून. मग पुन्हा चढायला लागली, पुन्हा ओरडायला लागली. हवालदारणीचा काटकोन झाला की नाही मला माहीत नाही. पायऱ्या मात्र एकेक करून मागे पडत होत्या.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, घर चारच पायऱ्यांवर असताना, ताई बसली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत, लहान मुलं रडतात तशी. गेल्या कितीतरी वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, यजमान गेले तेव्हासुद्धा. खाली उभ्या असलेल्या गाडीचा आवाज ऐकू येत होता.

"फार दुखतंय का गं गुडघा?" मी विचारलं. "राहू दे, जाऊया खाली. नकोच चढायला."

तिने मान हलवली. "गुडघ्याचं नाही रे," म्हणाली. "हात मोडला होता ना, तेव्हाचं रडतेय. अर्धवट राहिलं होतं."

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, तू वर जा, कुलूप उघड, दोन पातेल्यांत चहा ठेव, एकात साखर घाल. गाडीवाल्याला फोन कर, बॅग उतरवून जायला सांग. आणि मी ताईच्या खालच्या पायरीवर बसलो. तिला काही घाई नव्हती, मलाही नव्हती.